ते घरी आलेत, आता तब्येतीचं बोलू

अगं, पुरणाचं पातेलं खाली ठेव आणि जरा माझ्याजवळ बस. तुझे हे आलेत ना रजेवर? मग पुढचे आठ दिवस तुझ्या घरात काय चालणार, ते मला डोळ्यांपुढे दिसतंय. अंगणात खुर्च्या, चहावर चहा, ग्रामपंचायतीचा शाल-श्रीफळाचा सत्कार, ‘सीमेवर सध्या कसं काय?’ असं विचारणारे चुलते, आणि तू पहाटे पाचपासून चुलीपुढे. या गर्दीत त्या माणसाला ‘तुम्हाला कुठं दुखतंय का?’ एवढं विचारायला कुणाला सवड नसते. ते तू विचारायचंस. तू शिरूरकडची असशील, मांडवगण फराट्याची नाहीतर टाकळी हाजीची, किंवा आमच्या दौंडजवळच्या पाटस-कुरकुंभची. हे बोलणं तुझ्यासाठीच आहे.

माझं सासर फौजी, यांची सगळी नोकरी तोफखान्यात गेली, आणि आता आजूबाजूच्या गावांतल्या पोरी काही अडलं की मला फोन करतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो बघ. ‘ताई, हे काही सांगतच नाहीत.’

खरं सांगू का, फौजी दुखणं लपवतो ते काही शूरपणा मिरवायला नाही. त्याला भीती असते कॅटेगरीची. फौजेत प्रत्येक जवानाची तब्येत ‘शेप’ नावाच्या मापानं मोजतात. त्यात मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे अशा पाच गोष्टी येतात. सगळं ठीक असेल तर तो शेप वन. एखाद्यात कमी निघालं की कॅटेगरी खाली येते, आणि मग पुढचा रँक, पुढचा कोर्स, नोकरीची वाढीव वर्षं, सगळ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. ही भीती खोटी नाही, म्हणून ‘उगाच घाबरता तुम्ही’ असं त्यांना म्हणू नको. पण एवढं सांग की बहुतेक वेळा आधी तात्पुरती कॅटेगरी देतात, ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि उपचारानं बरं वाटलं की ती परत वर जाते. लपवलेल्या दुखण्याला ही वाटच राहत नाही. ते आत वाढत राहतं आणि जेव्हा बाहेर येतं तेव्हा ‘हे नोकरीतच झालं’ असं सांगणारा एक कागदही हातात नसतो. माझं आजचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे गं. त्यांचं जे काही दुखतंय, ते सरकारी दवाखान्याच्या कागदावर नोंदवून घे.

आता कुठं बघायचं ते सांगते.

लेह, सियाचिन, तवांग अशा उंचावरून आले असतील तर पहिल्याच संध्याकाळी पाय बघ. सियाचिनवर आपली फौज १९८४ पासून बारा महिने उभी आहे, आणि तिथली थंडी बोटांना कशी खाते ते तिथून आलेल्या कुणालाही विचार. बोटांची टोकं काळपट आहेत का, त्वचा सुन्न आहे का, टोचलं तर कळतं का, हे बघ. सुन्न पायाला शेक देऊ नको, चुलीजवळ नेऊ नको, तेल लावून जोरात रगडू नको. पायाला कळतच नसतं, त्यामुळे भाजलं तरी त्यांना समजत नाही. पाणी कोमटच घे आणि आधी तुझा हात घालून बघ.

दुसरी गोष्ट नीट ऐक, कारण यात उशीर चालत नाही. खूप उंचीवर राहिलं की रक्त दाट होतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यावर जम्मूहून झेलम एक्सप्रेसचा दोन रात्रींचा प्रवास, पाय लोंबते ठेवून. दौंडला उतरल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ‘चालून चालून भरून आली’ म्हणत मालिश करत बसू नको. त्याच दिवशी दवाखाना गाठ. आणि एकदम धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर मिलिटरीचं की खासगी हे बघत बसायचं नाही, जवळच्या मोठ्या रुग्णालयात थेट न्यायचं.

तिसरा ताप. आसाम, मणिपूर, त्रिपुरा या बाजूनं आलेला जवान घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी थंडी वाजून तापला, तर गावचा डॉक्टर ‘व्हायरल’ म्हणून गोळी देईल. त्याचाही दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं ना की हा माणूस कुठून आलाय. पहिलं वाक्य तेच बोल, ‘हे ईशान्येला ड्युटीवर होते.’ प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची काच तपासून घे. मलेरियाचा एक प्रकार असा आहे बघ, की त्याचे जंतू यकृतात लपून राहतात आणि ताप उतरल्यावर कित्येक आठवड्यांनी पुन्हा उठतात. त्यावरच्या गोळ्या चौदा दिवसांच्या असतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून हे लोक पुडी खिडकीत ठेवून देतात. ती मोजून द्यायचं काम तुझं. सुरू करण्याआधी रक्ताची जी-सिक्स-पीडी नावाची तपासणी लागते का, तेही डॉक्टरांना विचारून घे, कारण काहींना ती गोळी सोसत नाही.

कान तर कुणी मोजतच नाही. टीव्हीचा आवाज वाढत चाललाय, तू मागून हाक मारलीस की उत्तर येत नाही, रात्री शांततेत ‘कानात शिट्टी वाजते’ म्हणतात, हे सगळं नोंदवण्यासारखं आहे. तोफा, रणगाडे, फायरिंग रेंज यांनी गेलेला कान परत येत नाही. पण किती गेलाय हे मशीनवर मोजता येतं आणि उरलेला सांभाळता येतो. सासूबाई म्हणतील, ‘लहानपणापासूनच असा आहे, ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो.’ हस आणि तपासणीला ने.

आता मनाचं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पाय सगळे बघतात, इथं कुणी बघत नाही.

तुमच्या शिरूर तालुक्यात उसात बिबटे. रात्री कुणी फटाका फोडतं, कुणी डबे बडवतं. आपल्याला त्याची सवय झालीय. पण सहा महिने गोळीबाराच्या हद्दीत झोपलेला माणूस त्या फटाक्यानं ताडकन उठतो, आधी दाराकडे धावतो, मग भिंतीला पाठ लावून बसतो, अंग घामानं भिजलेलं असतं. सकाळी विचारलंस तर म्हणतो, ‘काही नाही, स्वप्न पडलं.’ यात्रेत बैलगाड्याच्या घाटावर डीजे लागला की मध्येच उठून घरी येतो. पोरानं मागून येऊन गळ्यात हात टाकला तर त्याचा हात झटकतो, आणि मग स्वतःच तोंड पाडून बसतो. रात्री तीन-तीनदा कडी बघून येतो. हे वेड नाही गं. त्याच्या शरीराला इतके महिने जागं राहायचं शिकवलेलं आहे, आणि ‘आता घरी आलास’ हे त्याला एका दिवसात कळत नाही. बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत आपोआप निवळतं. तुला त्या आठवड्यांत काय करता येईल? फटाके फोडायचेच असतील तर शेजाऱ्यांना आधी हाक मारून सांगायला लाव. झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नको, पायाकडून नाव घेऊन हाक मार. सत्कार पंधरा दिवस पुढं ढकल, सरपंचांना मी सांगितलं म्हणून सांग. आणि ‘तिकडं काय काय झालं’ हे खोदून विचारू नको, बोलायला लागले तर हातातलं काम सोडून ऐक.

महिना उलटला, झोप आली नाही, चिडणं वाढलं, माणूस घरात असून नसल्यासारखा झाला, की मग डॉक्टर. सासूबाईंना दृष्ट काढू दे, मीठ-मोहऱ्या ओवाळू दे, आईचं मन असतं, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. पण कुणी देवऋषाकडं न्यायची गोष्ट काढली तर तू ठाम राहा. बुवाकडच्या प्रत्येक फेरीत उपचाराचा वेळ जातो.

आणि बघ, तुला एक नंबर देते, तो देवघराच्या भिंतीवर लिहून ठेव. १४४१६. टेलिमानस. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा देशभराचा नंबर २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचाच वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला आपल्या पुण्यातच, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत उघडला. घरच्यांसाठी म्हणजे तुझ्यासाठीसुद्धा बरं का. ते बोलायला तयार नसतील तर तू फोन कर. ‘माझ्या नवऱ्याला झोप येत नाही, मी काय करू?’ एवढं म्हटलंस तरी पुरे.

दारूबद्दल मी गुळगुळीत बोलणार नाही. कॅन्टीनची बाटली रजेत घरी येते, चुलतभावांची मैफल जमते, त्याला कुणी वाईट म्हणत नाही. पण झोप यावी म्हणून रोज रात्री एकट्यानं घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती तुझ्या लगेच लक्षात येते. भांडून, बाटली ओतून काही साधत नाही, हे आजवर फोन करणाऱ्या सगळ्या पोरींनी मला सांगितलंय. सकाळी, शुद्धीत असताना, एकच वाक्य, ‘तुम्हाला झोपेसाठी लागतेय, तर झोपेचे डॉक्टर दाखवू.’ रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली आणि हात थरथरायला लागले, भास झाले, फिट आली, तर तोही दवाखान्याचाच मामला आहे, घरी कोंडून ठेवायचं नाही.

हे पुढचं वाचताना घाबरू नको. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘तुमचं पेन्शनवर भागेल’ असं काही त्यांच्या तोंडून आलं, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नको. सरळ विचार, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला दार उघडतं. आपल्या शेतकऱ्याच्या घरात उसावर, कांद्यावर मारायच्या औषधाचे डबे गोठ्यातच पडलेले असतात. ते त्याच दिवशी उचलून दिराच्या घरी कुलपात ठेव. घरात परवान्याची बंदूक असेल, निवृत्तांच्या घरी गार्डच्या नोकरीसाठी बऱ्याचदा असते, तर तीही घराबाहेर जाऊ दे. कुठं जमा करायची ते पोलीस ठाण्यात विचार. त्यांना एकटं सोडू नको, आणि १४४१६ ला नाहीतर थेट लष्करी रुग्णालयाला फोन कर. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न समजता तो ताणाखाली होता असंच धरायचं सांगितलंय. कुणी धाक घातला तर हे सांग.

आता जायचं कुठं? तुला वाटत असेल, आपण खेड्यातले, कुठं ते पुणं. पण या बाबतीत आपल्या जिल्ह्याइतकं जवळ फार थोड्यांना आहे बघ. वानवडीला कमांड हॉस्पिटल, सदर्न कमांडचं सगळ्यात मोठं. हृदय आणि छातीच्या दुखण्यांसाठी वेगळं रुग्णालय, जुनी माणसं त्याला अजून सीटीसीच म्हणतात. खडकीला मिलिटरी हॉस्पिटल. पाय किंवा हात गमावलेल्यांसाठी पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र, १९४४ पासूनचं. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळे पडलेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, १९७४ चं. आणि पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांना हाताला काम मिळावं म्हणून १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरी संस्था पुढं खडकीला आली, ती आजही जवानांना नवं काम शिकवते. शिरूरकरांना नगरही जवळ पडतं, तिथं भिंगारच्या छावणीत लष्करी रुग्णालय आहे. नगर रोडला शिकरापूर आणि वाघोलीची कोंडी लागली की पुण्याला पोचेपर्यंत ओपीडीचे नंबर संपतात, त्यापेक्षा उलट्या दिशेची एसटी बरी.

मुरलीकांत पेटकरांचं नाव ऐकलंस ना? १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, आणि त्याच माणसानं १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. ते सांगलीकडचे, पुण्यात राहिले. त्यांचं नाव मी घेते ते ‘बघा कसे जिद्दी’ म्हणून तुझ्या नवऱ्यापुढं उभं करायला नाही. जिद्द सगळ्या फौजींकडे असते. त्यांना पोहण्याचा उपचार दाखवणारी माणसं आणि त्यासाठी लागणारी वर्षं मिळाली, ते महत्त्वाचं.

रजेवरच्या जवानाला जवळच्या कोणत्याही लष्करी रुग्णालयात दाखवता येतं. ओळखपत्र आणि रजेचा कागद सोबत हवा. तुझं आणि मुलांचं अवलंबितांचं कार्ड झालंय का? नसेल तर याच रजेत त्यांच्याकडून युनिटला कळवायला लाव, लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद कागदोपत्री चढल्याशिवाय कार्ड निघत नाही. कितीतरी पोरींची लेकरं शाळेत जायला लागली तरी नोंद झालेली नसते. तातडीच्या वेळी खासगीत दाखल करावं लागलं तर त्याच दिवशी युनिटला आणि जवळच्या लष्करी रुग्णालयाला कळवा, आणि कुणाला, किती वाजता कळवलं ते लिहून ठेव. रजा संपायला आली आणि माणूस आजारी आहे, अशा वेळी खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरी बसून राहू नका. लष्करी रुग्णालयात दाखवलं की युनिटला कळतं, नाहीतर आजारी माणूस ‘रजा ओलांडली’ म्हणून अडचणीत येतो.

दौंडच्या पोरींनो, तुम्हाला विसरले नाही. आपल्याकडं राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. त्यांचे जवान गडचिरोलीला जंगलात राहतात, निवडणुकीला, दंगलीला, सणाला कुठंही जातात, आणि परतून क्वार्टरमध्ये येतात. २०२० मध्ये मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेल्या आपल्या जवानांना कोरोना निघाला तेव्हा सगळ्या गावाला कळलं की बंदोबस्ताहून माणूस काय काय घेऊन येऊ शकतो. त्यांना कमांडचं दार नाही. त्यांची पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे, ठरावीक आजारांवर यादीतल्या रुग्णालयांत उपचार होतात. यादी गटाच्या कार्यालयातून आधीच आणून ठेवा, रात्री दोन वाजता ती सापडत नाही. ताप आला तर मलेरियाचं जे वर सांगितलं ते गडचिरोलीलाही तंतोतंत लागू आहे. आणि १४४१६ तर सगळ्यांचाच.

कागदांचं बोलायला तुला कंटाळा येतो, माहीत आहे. तरी ऐक. एक कापडी पिशवी कर आणि त्यात फक्त त्यांच्या तब्येतीचे कागद ठेव. इंजुरी रिपोर्ट, दवाखान्यातून सोडताना दिलेला डिस्चार्ज, मेडिकल बोर्डाची प्रत, कानाचा आलेख, एक्स-रे. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि भावाच्या मोबाईलमध्येही. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड बसतो आणि तिथं ठरतं की दुखणं नोकरीमुळं झालं की नाही, नोकरीनं वाढलं की नाही, आणि ते किती टक्के. वीस टक्क्यांहून कमी ठरलं तर पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा मिळत नाही. शंभर टक्के असेल तर तो शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरावं, उलटं सिद्ध करायचं काम सरकारचं. पण सप्टेंबर २०२३ पासून या सगळ्याचे नियम नव्यानं आलेत, त्यामुळे जुन्या लोकांच्या ऐकीव गोष्टींवर विसंबू नको. बोर्डाचं पटलं नाही तर अपील आहे, पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईला बसतं. तिथवर गेलीस तर तुझी ही पिशवीच उपयोगी पडेल.

तुझा भाऊ अग्निवीर आहे ना? त्याच्यासाठी तर माझा जीव जास्त तुटतो. चार वर्षांनी जे घरी परततील त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजनाही नाही. नोकरीत असेपर्यंत लष्करी दवाखाना आहे, नंतर नाही. नोकरीमुळं अपंगत्व आलं तर एकरकमी भरपाई आहे, पन्नास टक्क्यांना पंधरा लाख, पंचाहत्तरला पंचवीस, शंभरला चव्वेचाळीस. पण कानात वाजणारी शिट्टी, दुखरा गुडघा, न येणारी झोप यांचं काय? मला हे पटत नाही, आणि मी ते कुणापुढंही म्हणेन. विशीतल्या पोराला चार वर्षं बर्फात उभं करायचं आणि पाचव्या वर्षी त्याचे गुडघे त्याच्या आई-बापाच्या माथी मारायचे, हा न्याय नाही. हे बदलेपर्यंत तुझ्या हातात एवढंच आहे की त्याला आत्ताच सांग, सुटण्याआधी एक-एक दुखणं दाखव आणि लिहून घे.

ज्यांचे नवरे पेन्शनवर येतायत त्यांच्यासाठी ईसीएचएस २००३ पासून आहे. शिपायापासून हवालदारापर्यंत एकदाच तीस हजार भरले की नवरा-बायको दोघांना जन्मभर. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं रुग्णालय. जिवावर बेतलं तर रेफरलसाठी धावू नको, थेट दाखल कर आणि अठ्ठेचाळीस तासांत पॉलिक्लिनिकला कळव. औषध नाही म्हणाले तर चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’चा शिक्का मारून घे, त्याशिवाय बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे मागता येत नाहीत. सरकारकडून बिलं थकली की यादीतली रुग्णालयं कधी कधी हात आखडतात. तेव्हा भांडण काउंटरवरच्या पोरीशी करू नको, लेखी तक्रार पॉलिक्लिनिकच्या ओआयसींकडं, म्हणजे प्रमुखांकडं.

खरं सांगू का, पुण्यात एवढं सगळं असून आपल्या गावापर्यंत त्यातलं काय येतं, हा प्रश्न मला छळतो. आपलं शिरूर एके काळी छावणीचं गाव होतं. १८१८ च्या पहिल्या दिवशी कोरेगाव भीमाला लढलेली तुकडी इथूनच रातोरात चालत गेली होती, आणि आपले जखमी घेऊन शिरूरलाच परतली. आज शिरूरच्या जवानाला कानाचा आलेख काढायचा तर अख्खा दिवस आणि एक रजा मोडते. मला मोठं काही नको. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी शिरूरला आणि दौंडला लष्कराचे डॉक्टर यावेत, सोबत मनाचे एक डॉक्टर आणि कान तपासायचं एक मशीन. जवान रजेवर आला की पंधरा दिवसांनी युनिटमधून त्याच्या बायकोला एक फोन यावा, ‘वहिनी, झोपतात का? जेवतात का?’ घरात काय चाललंय ते बायकोइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि तिलाच कुणी विचारत नाही. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेच्या बैठकीला पुरुषच जातात. तू जा. मी येते सोबत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला एक अर्ज देऊ, खाली तुझ्यासारख्या पोरींच्या सह्या.

आणि स्वतःकडं बघ जरा. ते नसताना तू रात्री दचकून फोन बघतेस, बातम्या लागल्या की हातातलं पीठ तसंच राहतं, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर खातेस. तुझं हिमोग्लोबिन कधी तपासलं होतंस? त्यांच्याबरोबर जातेसच, तर तुझंही कार्ड घेऊन जा.

सोमवारीच जा. रजेचे दिवस भराभर सरतात, लग्नं, जत्रा, उसाचं पाणी, काही ना काही निघतंच. दौंडहून पहाटेची शटल धरलीस तर हडपसरला उतरून वानवडी जवळ पडतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घे, ओपीडीत दुपार होते. जे दिसलं ते रात्रीच एका कागदावर लिही, पाय, कान, झोप, सगळं, तारखेसकट. डॉक्टर विचारतील, ‘काय होतंय?’ आणि तुझे हे खुर्चीत ताठ बसून म्हणतील, ‘काही नाही सर, एकदम फिट.’ तेव्हा तो कागद डॉक्टरांच्या हातात दे आणि तू बोल.